हौसेला मोल नसतं म्हणे! जुन्या स्पोर्ट्स कारचे भाव कुठे चाललेत?

चौथा_गिअर
बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पोर्शे ९६४ चा सौदा माझ्या अगदी हातात आला होता. ९६४ म्हणजे १९८९ ते १९९४ दरम्यानची ९११, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची. इंजिनाखाली तेलाचे डाग, ड्रायव्हरची सीट उसवलेली आणि मालक गाडीला वैतागलेला. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." तो विचार अजून चालू आहे. दरम्यान ती गाडी माझ्या आवाक्यातून गेली, मग माझ्या साहेबांच्या आवाक्यातून गेली, आणि आता ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांना ती चालवायला वेळ नसतो.

धागा काढण्याचं कारण एवढंच की हे नेमकं कशामुळे झालं ते मला समजून घ्यायचंय. गाडी तीच आहे. तेच इंजिन, तेवढीच ताकद, एअर-कंडिशनर तेव्हाही नावालाच होता. आजची साधी गाडीसुद्धा तिच्यापेक्षा बरे ब्रेक लावते. मग वाढलं ते काय? माझा संशय गुंतवणूकवाल्यांवर आहे. ही मंडळी शिरली आणि हौशी माणूस बाहेर फेकला गेला. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा आहे.

वाफाळलेला_रेडिएटर
"विचार करून सांगतो" या तीन शब्दांनी जगात जेवढं नुकसान केलंय तेवढं गंजानेही केलेलं नाही. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आकडेमोड
चौथा_गिअर, दुःख समजलं, पण निदान अर्धंच बरोबर आहे. "जुन्या स्पोर्ट्स कार महागल्या" हे वाक्यच फसवं आहे. महागल्या त्या ठरावीक गाड्या, आणि त्यातही ठरावीक नग.

सगळे जिचं नाव घेतात ती फेरारी २५० जीटीओ घ्या. १९६२ ते १९६४ मध्ये मोजून छत्तीस बनल्या. नवी असताना किंमत अठरा हजार डॉलरच्या आसपास. २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात एक ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेली. २०१८ मध्ये दुसरी ४ कोटी ८४ लाखांना, आरएम सदबीज या लिलाव कंपनीकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला तिसरी ५ कोटी १७ लाखांना. बातम्यांमध्ये प्रत्येक वेळी "विक्रम".

आता जरा हिशोब करा. २०१८ ते २०२३ या काळात अमेरिकेत महागाई वीस टक्क्यांहून जास्त वाढली. जीटीओ सात टक्क्यांनी वाढली. म्हणजे खऱ्या पैशात ती उतरलीच. त्यातून २०२३ वाली गाडी खुद्द फेरारीच्या संघाने शर्यतीत उतरवलेली होती, लिलावाआधी ती ६ कोटींच्या वर जाईल अशी हवा होती. दोन वेगळ्या गाड्यांची तुलना काटेकोर नसते, मान्य. पण "रॉकेटसारखे भाव" म्हणताना एवढं तरी बघावं.

दुसरी गोम बातमीतल्या आकड्यात असते. त्यात लिलाववाल्यांचं कमिशन मिसळलेलं असतं. २०१४ च्या त्या जीटीओवर हातोडा पडला ३ कोटी ४६ लाख ५० हजारांवर. वरचे जवळपास पस्तीस लाख विकणाऱ्याच्या खिशात गेलेच नाहीत. आणि ज्या गाड्यांची बोली राखीव किमतीपर्यंत पोचतच नाही, त्या मुकाट्याने घरी परत जातात. त्यांची बातमी होत नाही. बाजार बरा दिसतो तो यामुळेही.

चौथा_गिअर
हे कमिशनचं डोक्यात आलं नव्हतं. पण ९६४ चं काय? ती छत्तीस नाही, हजारोंनी बनली.

ग्रीसचे_हात
९६४ चं उत्तर सोपं आहे. १९९८ ला ९९३, म्हणजे ९६४ च्या पुढची ९११, बंद झाली आणि पोर्शेने ९११ ला पाणी पाजलं, म्हणजे इंजिन पाण्यावर थंड करायला घेतलं. त्या दिवशी हवेवरच्या सगळ्या ९११ "शेवटच्या" झाल्या, फक्त लोकांना ते कळायला दहा वर्षं लागली. त्यात कॅलिफोर्नियातल्या सिंगरसारख्या मंडळींनी ९६४ सोलून त्यातून दागिने घडवायला सुरुवात केली. मग कालपर्यंत कुणी न विचारणारी फाटक्या सीटची ९६४ "कच्चा माल" म्हणून भाव खायला लागली. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता एक गिअरबॉक्स उघडून ठेवलाय.

अडगळ
माझं वय बघता मी हे सगळं एकदा आधी पाहिलंय, म्हणून सांगतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी हेच झालं होतं. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि लाल रंगाच्या प्रत्येक वस्तूला मागणी आली. जपानमध्ये पैसा उतू चालला होता. फेरारी एफ४० चे बुकिंगचे कागदच विकले जात होते, गाडी तयार व्हायच्या आधी! मुळात चारशे बनवणार असं सांगितलं होतं, बनल्या तेराशेच्या वर. तरी घेणारे घेत होते. एका जीटीओला तेव्हाच एक कोटी डॉलरच्या वर भाव मिळाला.

मग १९९० आलं. जपानचा शेअर बाजार घसरला, व्याजदर चढलेले होते, आणि ज्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या होत्या त्यांना एकाच आठवड्यात विकायच्या होत्या. सगळ्यांना एकाच दारातून बाहेर पडायचं असलं की काय होतं ते सांगायला नको. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जीटीओ आपल्या शिखराच्या निम्म्याहून खूप खाली होती.

जॅग्वारची एक्सजे२२० आठवते का कुणाला? १९८८ च्या बर्मिंगहॅम शोमध्ये दाखवली तेव्हा बारा सिलिंडर आणि चारही चाकांना ताकद. पन्नास हजार पौंड अनामत घेऊन लोक रांगेत. किंमत महागाईला बांधलेली, त्यामुळे १९९२ मध्ये गाडी हातात येईपर्यंत चार लाख पौंडांच्या पार. आणि बारा सिलिंडरचे झाले सहा, चार चाकांची दोन. तोवर फुगा फुटलेला. लोक अनामत सोडून पळाले, प्रकरण कोर्टात गेलं. साडेतीनशेचा बेत होता, पावणेतीनशेच्या थोड्या वर बनून कारखाना थांबला. त्या वेळी तिला शिव्या घालणारे आता लिलावात तिच्याभोवती फिरताना बघतो तेव्हा हसू येतं.

वाफाळलेला_रेडिएटर
काका, तुम्ही तेव्हा काही घेतलं होतंत का? खरं सांगा.

अडगळ
घेतलं होतं. १९८९ ला. काय ते सांगणार नाही. विकलं १९९३ ला. काय भावाने तेही सांगणार नाही.

निळीशाई
काकांना साष्टांग. या धाग्यात एक गोष्ट अजून कुणी काढली नाही, ती म्हणजे कर. माझा धंदाच तो, त्यामुळे मला गाडीआधी तेच दिसतं.

ब्रिटनमध्ये प्रवासी गाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. कायद्याच्या मूळ समजुतीनुसार गाडी ही झिजत जाणारी वस्तू, तिच्यात नफा कसला व्हायचा? उलट तोटा दाखवून लोकांनी कर वाचवू नये म्हणून तिला बाहेर ठेवलेलं. म्हणजे फुटक्या नशिबाची सोय केली होती, ती सगळ्यात नशीबवान लोकांच्या कामी आली. (अपवाद आहेत. खरेदी-विक्रीचा धंदाच मांडला तर आयकर येतो.) शेअर आणि दुसरं घर विकलं तर कर, गॅरेजमधली जॅग्वार ई-टाइप विकली तर नाही. पैसा कुठे वळेल सांगा.

अमेरिकेत उलट दिशेने एक झडप बंद झाली. २०१७ पर्यंत काही गुंतवणूकदार एक गाडी विकून लगेच दुसरी तशीच घ्यायचे आणि "अदलाबदल" म्हणून कर पुढे ढकलायचे. २०१८ पासून ही सवलत फक्त जमीन-इमारतींना उरली. त्याच सुमाराला वरच्या थराची धाव थोडी मंदावली. एकमेव कारण तेच असं मी म्हणणार नाही.

आणि २००८ नंतरची दहा-बारा वर्षं व्याजदर तळाला होते हे विसरू नका. बँकेत ठेवून काही मिळत नसेल तर माणूस चित्रं घेतो, दारू साठवतो, गाड्या घेतो. गाडी निदान बघायला तरी छान.

टर्बोलॅग
तुम्ही सगळे इटालियन आणि इंग्लिश गाड्यांवरच अडकलात राव. आमच्या वयाच्या लोकांच्या भिंतीवर ई-टाइपचं पोस्टर नव्हतं. आम्ही गेमिंग कन्सोलवर निसान स्कायलाइन जीटी-आर चालवत मोठे झालो. अमेरिकेत तिकडच्या नियमांत न बसणारी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहजी आणता येत नाही. म्हणून १९८९ ची आर३२, म्हणजे जीटी-आरची एक पिढी, तिथे २०१४ पासून जायला लागली आणि जपानमधला भाव हलला. १९९९ च्या आर३४ साठी लोक २०२४ ची वाट बघत बसले होते, काहींनी आधीच घेऊन जपानच्या गोदामांत ठेवल्या होत्या. म्हणजे भाव कॅलेंडर बघून वाढतो!

डॅटसन २४०झेडही बघा. १९७० च्या सुमाराला साडेतीन हजार डॉलरची, सामान्य माणसाची स्पोर्ट्स कार. जानेवारी २०२० मध्ये एक जवळपास अस्पर्श राहिलेली २४०झेड ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली.

आकडेमोड
टर्बोलॅगशी सहमत. लोक साधारण पन्नाशीला आले, मुलं मार्गी लागली की पंधराव्या वर्षी जी गाडी हवी होती ती घेतात. ई-टाइपवाल्या पिढीचा तो काळ सरत आलाय, म्हणून बऱ्याचशा ई-टाइप आता नरमल्यात. त्या ७२ हजारांच्या वर बनल्या, टंचाई कधी नव्हतीच. होती ती घेणाऱ्यांची गर्दी.

ग्रीसचे_हात
आलो. गिअरबॉक्स बंद झाला, एक वॉशर उरला. (गंमत केली. वॉशर सापडला.)

मी दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून पोट भरतो, म्हणून माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सगळे विकत घ्यायच्या किमतीवर बोलताय. फेरारी टेस्टारोसाचे टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारे पट्टे) बदलायचे तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. दर काही वर्षांनी, गाडी चालवा किंवा चालवू नका. एफ४० च्या पेट्रोलच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या, दहाएक वर्षांनी बदलाव्या लागतात, त्यात एक लिटर पेट्रोल घातलेलं असो की दहा हजार. मॅक्लारेन एफ१ च्या संगणकाशी बोलायला नव्वदच्या दशकातलाच कॉम्पॅकचा लॅपटॉप लागायचा, त्यासाठी कंपनी जुने लॅपटॉप शोधत फिरायची. असे हत्ती आहेत हे.

गुंतवणूक म्हणून घेतलेली गाडी माझ्याकडे येते ती कशी? मीटरवर वर्षाला चाळीस किलोमीटर. रंग आरशासारखा. आणि आत सगळे सील वाळलेले, ब्रेकचे कॅलिपर धरलेले, टाकीत पेट्रोलचं वार्निश झालेलं, टायरवर नक्षी नवी पण रबर दगड. मालक म्हणतो, "अहो, काही वापरलीच नाही!" मी म्हणतो, म्हणूनच. गाडीत फिरणारं तेल हे तिचं रक्त आहे. उभी गाडी मरते.

पण. चौथा_गिअर, तुमच्या गुंतवणूकवाल्यांना मी शिव्या देणार नाही. भाव नव्हता तेव्हा काय होत होतं ते मी पाहिलंय. गाडीची किंमत दुरुस्तीपेक्षा कमी असली की ती भंगारात जाते किंवा झाडाखाली. टेक्सासमध्ये एक जीटीओ चक्क एका शाळेला देऊन टाकली होती, आणि पुढे ती कित्येक वर्षं उघड्यावर ट्रेलरवर पडून होती. जीटीओ! भाव चढला म्हणून आज एखाद्या जुन्या गाडीचा पत्रा हाताने ठोकून देणारा माणूस पोटाला लागलाय. भाव चढला म्हणून पोर्शे आणि जॅग्वार स्वतः जुने सुटे भाग पुन्हा बनवायला लागले.

चौथा_गिअर
म्हणजे आधी गरिबीत मरत होत्या, आता श्रीमंतीत मरतात.

ग्रीसचे_हात
आता मेल्या तर निदान माझं बिल भरून मरतात.

निळीशाई
ग्रीसदादा, भावाने गाड्या वाचवल्या हे अर्धं खरं. त्याच भावाने काही मारल्याही. फेरारी २५० जीटीई, चार सीटची, घरंदाज गाडी. साडेनऊशेच्या आसपास बनल्या. कितीतरी जीटीई कापून त्यांच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर जीटीओच्या नकला उभ्या केल्या गेल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि आता जीटीईलाच भाव आलाय, तर त्या कापलेल्या कुठून आणणार?

अवांतर: २०१९ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओची रचना ही कलाकृती आहे असं मानून तिच्या नकलांना चाप लावला. वकिली डोक्याला हे फार आवडलं. गाडीला लेखक असतो!

वाफाळलेला_रेडिएटर
कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या नकलांचं तर याहून भारी. शेल्बीच्या मूळ कोब्रा हजाराच्या आत. त्यातल्या निदान पाच हजार अजून शिल्लक आहेत.

अडगळ
हा विनोद आमच्या वेळी दोन हजारांचा होता. महागाई.

आकडेमोड
विनोद बाजूला ठेवतो, कारण इथेच मला वाटतं चौथा_गिअरच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. वाढलं काय? कागद वाढला.

एकाच वर्षाच्या, एकाच कारखान्याच्या दोन गाड्या घ्या. एकीत कारखान्यातून आलेलंच इंजिन आहे, चासीचा नंबर इंजिनाच्या नंबराशी जुळतो, पहिल्या मालकापासूनची बिलं आहेत, जुने फोटो आहेत. दुसरीत ऐंशीच्या दशकात कुणी तरी तसंच दुसरं इंजिन टाकलं. चालवायला फरक शून्य, उलट दुसरी कदाचित जास्त चांगली पळेल. किमतीत मात्र जमीन-अस्मान. तो फरक चाकांचा नाही, फाइलचा आहे. फेरारी तर स्वतःच्या क्लासिके विभागातून जुन्या गाड्यांना प्रमाणपत्र देते, तो लाल रंगाचा ग्रंथ गाडीसोबत विकला जातो.

२०१५ मध्ये पॅरिसला बायों संग्रहाचा लिलाव झाला तो आठवा. फ्रान्सच्या पश्चिम भागातल्या एका इस्टेटीवर शेडमध्ये कित्येक दशकं पडून राहिलेल्या साठेक गाड्या. त्यात जुन्या मासिकांच्या ढिगाखाली गाडलेली एक फेरारी २५० कॅलिफोर्निया, एके काळी नट अलँ दलाँकडे असलेली. १ कोटी ६३ लाख युरो. धूळसुद्धा पुसली नव्हती, मुद्दाम! कारण ती धूळ खोटी करता येत नाही.

चौथा_गिअर
आणि मर्सिडीजची ती १३ कोटी ५० लाख युरोवाली?

आकडेमोड
२०२२, स्टुटगार्ट, ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे. १९५५ मध्ये दोनच बनवल्या. मर्सिडीजने त्या वर्षाअखेर शर्यती सोडल्या, म्हणून ती कधी शर्यतीत उतरलीच नाही. उलेनहाउट नावाचे त्यांचे अभियंते ती ऑफिसला न्यायचे. लिलाव मोजक्या बोलावलेल्या लोकांसमोर झाला, पैसे शिष्यवृत्तीच्या निधीला गेले. त्याला मी बाजार म्हणत नाही. दोन नगांचा कसला बाजार? पण त्या एका आकड्याने खालच्या प्रत्येक विक्रेत्याच्या डोक्यात हवा गेली हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी मर्सिडीजच्याच गंजक्या ३०० एसएल रोडस्टरचा मालकही छाती काढून फिरत असणार.

टर्बोलॅग
मग खरं दुःख हे की चालवायची गाडी आणि ठेवायची गाडी या दोन वेगळ्या वस्तू झाल्या आणि दोन्हीला नाव एकच राहिलं.

अडगळ
तसं पूर्वीही होतंच रे. फरक एवढाच की तेव्हा ठेवणारे कमी होते. आणि भावाला कधी कधी काही कळतही नाही. बीएमडब्ल्यू ५०७ बघ. १९५० च्या दशकात अडीचशेच्या आसपास कशाबशा खपल्या, त्या गाडीने कंपनी बुडायची वेळ आणली. आज तीच कोट्यवधी रुपयांची. तेव्हा शोरूममध्ये उभ्या होत्या, कुणी घेतल्या नाहीत. आपल्यातले सगळे शहाणे तेव्हा असते तरी घेतल्या नसत्या.

चौथा_गिअर
मी तर नक्की म्हणालो असतो, विचार करून सांगतो.

बरं, आता खरं बोलतो. धागा काढला तेव्हा एक जाहिरात बघून ठेवली होती. पोर्शे ९४४, १९८७ ची. पाण्यावरचं इंजिन, पुढच्या बाजूला. ९११ वाले नाक मुरडतात. दीड लाखाच्या वर बनल्या, त्यामुळे कुणी तिला तिजोरीत ठेवणार नाही. तेवढ्या पैशात ९६४ चा एखादा दरवाजा आणि आरसा येईल. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलेलं, वळणावर म्हणे फार गोड. घ्यावी का?

वाफाळलेला_रेडिएटर
घ्या. घ्या. घ्या. विचार केलात तर हा धागा बारा वर्षांनी तुम्हालाच वर आणावा लागेल.

अडगळ
घे. फक्त पुढच्या वर्षी केवढ्याला जाईल हे बघायचं नाही, अशी शपथ घेऊन घे.

ग्रीसचे_हात
९४४ चांगली गाडी आहे. पण थांबा. तिच्यात दोन बेल्ट असतात, एक टायमिंगचा आणि एक बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा. टायमिंगचा तुटला की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांना भेटतात, आणि मग तुमची स्वस्त पोर्शे फार महाग पडते. किलोमीटर बघू नका, बेल्टचं वय बघा. कधी बदललेत?

चौथा_गिअर
विक्रेता म्हणतो, "नुकतेच."

ग्रीसचे_हात
पावती?

चौथा_गिअर
काल मागितली. म्हणाला, शोधून सांगतो.